कचारगडला जाताना: गुहा पाहायची की यात्रा, हे आधी ठरवा

पुण्यातील चौदा जणांचा एक गट फेब्रुवारीत गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची गुहा पाहायला येऊ इच्छितो. गटातील बहुतेक जण गडकोट पालथे घातलेले आहेत. त्यांनी विचारले आहे, की आदिवासी नसलेल्यांना तेथे जाता येते का, माघ पौर्णिमेची यात्रा गाठावी की टाळावी, छायाचित्रे काढली तर चालतील का, पूजेत भाग घ्यावा लागतो का आणि चढ किती अवघड आहे. मी बावीस वर्षांपासून पूर्व विदर्भात अभ्याससहली नेतो आणि त्या निमित्ताने कचारगडला अनेकदा जाणे झाले आहे. मी स्वतः गोंड नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो ते घरातल्या माणसाचे सांगणे नसून वारंवार येणाऱ्या पाहुण्याचे आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. जाता येते, आणि कोणी जात विचारून अडवत नाही. तरीही तुमच्या पत्रातील ‘केव्ह ट्रेक’ हा शब्द मला थोडा खटकला. हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वराला जाताना आपण देवही पाहतो आणि डोंगरही चढतो, आणि दोन्हींत आपल्याला विसंगती वाटत नाही, कारण तो देव आपल्या ओळखीचा असतो. कचारगडचा देव तुमच्या ओळखीचा नाही. तो ओळखीचा करून घेतल्याशिवाय गुहेत गेलात तर एक मोठी कपार पाहून परत याल आणि वाटेत कोणाला दुखावलेत हे तुम्हाला कळणारही नाही. म्हणून वाटेची माहिती देण्याआधी कथा सांगतो.

गोंड स्वतःला कोयतूर म्हणवतात आणि त्यांच्या धर्मविचाराला कोया पुनेम असे नाव आहे. या परंपरेत कली कंकाली या मातेची तेहतीस मुले होती. ती रायताड जंगो या देवीच्या आश्रयाला वाढत होती, पण उपद्व्यापी निघाली, आणि रागावलेल्या शंभूने त्यांना कचारगडच्या गुहेत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा लावली. आई शोक करू लागली. जंगोने गयावया केली, पण शिळा कोणाला हलेना. तेव्हा पारी कुपार लिंगो या धर्मगुरूने हिरासुका पाटालीर या वादकाला सोबत घेतले. हिरासुकाने गुहेबाहेर किंगरी हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य वाजवायला सुरुवात केली. ते सूर आत पोहोचले, मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी आतून जोर लावला आणि शिळा घरंगळली. मुले बाहेर आली, परंतु त्याच शिळेखाली सापडून हिरासुका मरण पावला. पुढे लिंगोने या मुलांना शिकवले, सगा म्हणजे कुळगट आणि गोत्रे यांची व्यवस्था लावून दिली आणि गोटूल म्हणजे तरुणांचे शिक्षणकेंद्र सुरू केले, असे मानतात. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण शिळा, किंगरी आणि हिरासुकाचे मरण या तीन गोष्टी मी ऐकलेल्या कोणत्याही सांगण्यातून गळलेल्या नाहीत.

आता यातली मेख पाहा. आपल्याकडे गुहा म्हटली की आत जाणे महत्त्वाचे असते. जितके खोल तितके गाभाऱ्याच्या जवळ, आणि सर्वांत आत, अंधारात देव. कचारगडला महत्त्व बाहेर येण्याला आहे. ही गुहा मुळात बंदिशाळा होती, आणि ज्या जागी शिळा हलली त्या जागेतून एक समाज जन्माला आला, अशी श्रद्धा आहे. म्हणून तोंडाशी उभ्या असलेल्या वृद्ध माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तुम्ही टॉर्च घेऊन आत किती लांब जाता येते हे पाहण्यात गुंग झालेले असाल आणि तो तोंडाशीच थांबलेला असेल. दोघांच्या लेखी गुहेचा मुख्य भाग वेगवेगळा आहे, एवढे आधी उमगले की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

परधान हा समाज गोंडांचा पिढीजात गाणारा, कुळकथा जपणारा समाज, आणि किंगरी हे त्यांचे वाद्य. हिरासुकाला ते आपला पूर्वज मानतात. यात्रेत एखादा म्हातारा किंगरीवादक भेटला तर बाकी सर्व सोडून त्याच्याजवळ बसावे, असे मी माझ्या प्रत्येक गटाला सांगतो. तारांवर गज फिरू लागला की मागे लाउडस्पीकरवर चाललेले भाषणही काही क्षण ऐकू येईनासे होते. तो पैशांसाठी वाजवत नसेल, तरी काही दिल्याशिवाय उठू नये. मात्र नोट त्याच्या वाद्यावर ठेवू नये, हातात द्यावी.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी एक पदर आणखी आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिंगोचे दीर्घ गीत गायकाकडून उतरवून घेतले होते. 1863 मध्ये हिस्लॉप नदीच्या पाण्यात बुडून मरण पावले आणि त्यांची टिपणे 1866 मध्ये ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. त्या गीतात गोंडांना गुहेत कोंडणारा महादेव आहे, गुहा धवलगिरीवर आहे, आणि कैदेतून निसटलेले चौघे काचीकोपा लोहागड नावाच्या ठिकाणी येतात. गोंडीत लोखंडाला जो शब्द आहे त्याच्याशी हे नाव जुळते, कचारगडच्या परिसरात लोहखनिज आहे, आणि कोया पुनेमचे अभ्यासक काचीकोपा म्हणजेच कचारगड असे मांडतात. गीत आणि आजची कथा तंतोतंत जुळत नाहीत, हे उघड आहे. पण पंढरपूरच्या पुंडलिकाची कथाही आपण शिलालेख मागून ऐकत नाही. तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या धनेगावच्या पारावर बसून ‘पण मूळ गीतात तर असे नाही’ हा वाद घालू नये. माझ्या एका सहलीत एका प्राध्यापकांनी तो घातला होता. समोरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले आणि नंतर दिवसभर आमच्याशी तो एक शब्द बोलला नाही.

वादाचा दुसरा विषय शंभूचा. गुहेच्या परिसरात शंभूचे नाव ऐकले की बाहेरून आलेला माणूस लगेच ‘म्हणजे आपला महादेवच’ असे म्हणून मोकळा होतो. म्हणणाऱ्याचा हेतू आपुलकीचा असतो. परंतु आपले पेन म्हणजे देव वेगळे, आपला धर्म वेगळा, आणि शंभू ही कोयतूर परंपरेतील स्वतंत्र पदवी आहे, ही भूमिका आज अनेक गोंड कार्यकर्ते ठामपणे मांडतात. घरी महाशिवरात्र करणारी गोंड कुटुंबेही त्याच यात्रेत असतात. हा त्यांच्या घरातला विचारविनिमय आहे. त्यात पाहुण्याने निवाडा देऊ नये, आणि गुहेत ‘हर हर महादेव’ची घोषणा तर मुळीच देऊ नये. तेथे अभिवादन ‘जय सेवा’ असे आहे. समोरच्याने म्हटले की तुम्हीही म्हणा, एवढे पुरेसे आहे. कार्यकर्त्यांच्या नावाआधी पुरुषांना तिरुमाल आणि स्त्रियांना तिरुमाय असे लावलेले ऐकाल. ओळख झाल्यावर तसे संबोधले तर लोकांना बरे वाटते, पण दादा, ताई, आजी यांनीही काही अडत नाही. या पट्ट्यात गोंडीबरोबर छत्तीसगढी, पोवारी, झाडीपट्टीची मराठी आणि हिंदी अशा सगळ्या बोली कानावर पडतात; पुणेरी मराठी समजते, फक्त सावकाश बोलावे.

यात्रा आणि एरवीचे दिवस यांची निवड हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि येथे मी स्पष्ट मत देतो. दोन्ही एका भेटीत साधत नाहीत. माघ पौर्णिमेच्या आसपासचे चार-पाच दिवस महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा येथून लाखोंच्या संख्येने लोक येतात. धनेगावच्या माळावर राहुट्या पडतात, सप्तरंगी झेंडे लागतात, पुस्तकांची, जडीबुटीची, पिवळ्या गमछांची दुकाने मांडली जातात, गोंडवानाचे अधिवेशन भरते, रात्रभर नाच चालतो. गुहेत त्या दिवसांत रांग असते. मागून रेटा आणि पुढून धूर, अशा अवस्थेत तुम्हाला खडक, उजेड, शांतता यांतले काहीही मिळणार नाही. उलट एरवी गेलात तर गुहा मिळेल, पण ती ज्यांची आहे ते लोक भेटणार नाहीत. तुमचा गट पहिल्यांदाच येत असेल, तर माझा सल्ला यात्रेचा आहे, आणि गुहा नीट पाहण्यासाठी पुन्हा कधीतरी हिवाळ्यात या. बहुतेक भटक्यांना हा सल्ला उलटा वाटतो, हे मला ठाऊक आहे.

या यात्रेचे आजचे रूप फार जुने नाही. स्थान आणि श्रद्धा जुनी. परंतु 1980 च्या दशकात नागपूरचे गोंडी भाषातज्ज्ञ मोतीरावण कंगाली, ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांचे सहकारी मोजक्या लोकांसह येथे येऊ लागले, गावोगाव निरोप गेले आणि त्यातून आजचा महामेळा उभा राहिला. कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत आणि उरलेला वेळ गोंडी शब्द, व्याकरण, देवस्थाने यांच्या मागे घालवत. 2015 मध्ये ते गेले. नागपूर शहर ज्याने वसवले तो बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा होता, हे नागपुरातही अनेकांना माहीत नसते. 2011 च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे 30 लाख लोक आहेत आणि तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. यात्रेतील भाषणांत हा विषय दरवर्षी निघतो. ती भाषणे कंटाळवाणी समजून उठून जाऊ नका. कचारगड आज नुसते देवस्थान नाही, विखुरलेल्या समाजाने स्वतःला मोजून पाहण्याची ती जागा आहे.

ओळख करून घेताना लोक एकमेकांना आडनावाबरोबर ‘किती देवे?’ असे विचारताना ऐकाल. चार, पाच, सहा, सात अशा देवसंख्येवरून सगा ठरतो, आणि एकाच देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाही. गोत्रांची संख्या 750 मानतात आणि प्रत्येक गोत्राने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड राखायचे, असा संकेत सांगतात. 750 हा आकडा गाड्यांवर, गळ्यातील लॉकेटवर, कमानींवर दिसेल तो यासाठी. गुहेच्या वाटेवर झाडाची फांदी मोडू नये, हे मी पर्यावरणप्रेमातून सांगत नाही. तुम्ही मोडलेले झाड शेजारून चाललेल्या कुटुंबाचे गोत्रवृक्ष असू शकते.

छायाचित्रांबाबत माझा नियम स्वतःच्या चुकीतून आला आहे. सुरुवातीच्या एका सहलीत एका विद्यार्थ्याने गुहेत, भुमका म्हणजे पुजारी गोंगो म्हणजे पूजा करत असताना, फ्लॅश मारून अगदी तोंडाजवळून छायाचित्र घेतले. भुमका थांबले. कोणी ओरडले नाही. त्यांनी हातातले तांदूळ खाली ठेवले, आमची गर्दी बाजूला होईपर्यंत तसेच बसून राहिले आणि मग पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. मागे ताटकळलेली माणसे आमच्याकडे पाहत होती. चूक विद्यार्थ्याची नव्हती, मी आधी काही सांगितले नव्हते. तेव्हापासून पूजा चालू असताना कॅमेरा पिशवीत, हा दंडक आहे; नाच, झेंडे, बाजार यांची छायाचित्रे खुशाल काढा, माणसाचे जवळून काढायचे असेल तर विचारून काढा, आणि ड्रोन आणूच नका.

पूजेत भाग घ्यावा लागत नाही. पादत्राणे काढावीत, मद्य घेऊन किंवा पिऊन जाऊ नये, आणि काही वाहायचेच असेल तर मूठभर तांदूळ, हळद, नारळ पुरेसे आहे. कोणी कपाळाला हळद-तांदूळ लावू लागले तर डोके मागे घेऊ नये. मासिक पाळी, सोवळे असल्या शंका गटातील स्त्रिया मला खासगीत विचारतात. मी त्यांना धनेगावातील बायकांशी बोलायला सांगतो, कारण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही.

आता वाट. कचारगड सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या टेकड्यांत, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. गोंदियाहून रस्त्याने सुमारे 55 किलोमीटर. गोंदिया ते डोंगरगड या रेल्वेमार्गावर सालेकशाच्या पुढचे स्थानक दरेकसा, पण तेथे थोड्याच गाड्या थांबतात. पुण्याहून येणाऱ्यांनी गोंदियाला उतरून रस्त्याने येणे सोयीचे. दरेकशाहून धनेगाव थोड्या किलोमीटरवर आहे आणि डोंगराची वाट तेथून सुरू होते. साग, मोह, तेंदू, बांबूचे जंगल आहे, आणि माघात पळसाला नुकता रंग चढू लागलेला असतो. सह्याद्रीतील कातळकडे चढलेल्यांना हा चढ काहीच वाटणार नाही. सवय नसलेल्यांनी तासाभराचा हिशेब धरावा. वर एकाहून अधिक गुहा आहेत, पहिल्या लहान गुहेलाच कचारगड समजून परत फिरलेले लोक मी पाहिले आहेत. ‘आशियातील सर्वांत मोठी गुहा’ असे फलकांवर आणि बातम्यांत वाचाल. मेघालयातल्या गुहांची लांबी किलोमीटरमध्ये मोजतात, तेव्हा या विशेषणात अर्थ नाही. पण मोठ्या गुहेच्या तोंडाशी उभे राहून मान वर केली की माणूस किती लहान आहे ते दिसते, आणि त्यासाठी आशिया खंडाची गरज पडत नाही.

दोन धोके सांगतो. अशा कपारींत आग्या मोहोळे असतात, म्हणून धूर, अत्तर, मोठा आवाज आणि दगड मारणे वर्ज्य. वटवाघळांच्या विष्ठेमुळे गुहेतील खडक जेथे निसरडे असतात तेथे अनवाणी पाय बेताने टाकावा लागतो. पावसाळ्यात येऊ नये. सुरक्षेचा मुद्दा राहिला. हा पट्टा अनेक वर्षे नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. यात्रेत बंदोबस्त असतो, एरवी जाताना प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावे, स्थानिक पोलीस ठाण्यात गटाची माहिती द्यावी आणि धनेगावातील एखादा जाणता माणूस रोजावर सोबत घ्यावा. हाजराफॉल जवळच आहे, म्हणून त्याच दिवशी तेथे डुंबून ओल्या कपड्यांत कचारगडला येणाऱ्या टोळ्या असतात. तसे करू नका, धबधबा दुसऱ्या दिवशी ठेवा.

यात्रेबाहेरच्या एका डिसेंबरातील सकाळ अजून आठवते. मोठ्या गुहेच्या तोंडाशी बालाघाटकडचे एक कुटुंब बसले होते. आजीने दिवा लावला होता आणि सहा-सात वर्षांची नात आतल्या अंधाराकडे टक लावून पाहत होती. ‘तेहतीस जण यात मावले?’ तिने विचारले. आजी म्हणाली, मावले. ‘मग ते जेवायचे काय?’ आजीला उत्तर सुचेना. तिने पिशवीतून मुरमुरे काढून नातीच्या ओंजळीत घातले. नातीने त्यातले थोडे स्वतः खाल्ले आणि उरलेले उठून गुहेच्या आत, अंधार सुरू होतो तेथे, ओतून आली. आजीने तिला अडवले नाही.

तुमच्या चौदा जणांसाठी यात्रेत मुक्काम धनेगावी मिळेलच असे धरू नका. सालेकसा, आमगाव किंवा गोंदियाला खोल्या आधी घ्या आणि पौर्णिमेच्या एक दिवस आधी पहाटे धनेगाव गाठा, म्हणजे वरची रांग लहान असते. यात्रेच्या दिवसांत एसटीच्या जादा गाड्या सुटतात, खासगी वाहने मात्र गावाबाहेर बरीच अलीकडे थांबवतात, तेव्हा चालण्याची तयारी हवी. रात्री थंडी असते, पांघरूण आणा. पाण्याच्या बाटल्या परत घेऊन या. डोंगरावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे चुकामूक झाल्यास धनेगावात कोठे भेटायचे ते चढायला सुरुवात करण्यापूर्वीच ठरवून घ्या.